समाधानाची खिडकी

त्या माणसाचा हात थांबला नाही. पुतळेबाईंनी ते बाहेरच्या बाकावर बसून, काचेतून, नीट पाहिलं. केबिनमधला तो माणूस चाळिशीच्या आतबाहेरचा, शर्टाच्या बाह्या दुमडून बसलेला, समोरच्या गठ्ठ्यातून एकेक रेझ्युमे उचलत होता, वरच्या चार ओळी वाचत होता आणि कागद एकतर उजवीकडे ठेवत होता नाहीतर डावीकडे. उजवीकडच्यांना थोड्या वेळानं आत बोलावणं येत होतं. डावीकडच्यांना कोणी काही सांगत नव्हतं. ते आपले वाट पाहून, घड्याळाकडे बघत, कुठेतरी जायचं असल्यासारखं करून उठत होते. पुतळेबाईंचा कागद त्यांना लांबूनही ओळखू आला, कारण मुलीनं तो मुद्दाम जाडसर आणि किंचित पिवळट निवडला होता, ढिगात उठून दिसावा म्हणून. त्यानं तो उचलला. डोळे ‘पात्रता’ असं ठळक अक्षरांत लिहिलेल्या भागावरून गेले. आणि हात जो निघाला तो मध्ये कुठेही न अडखळता डावीकडे गेला, कागद ठेवला, पुढचा उचलला. शेजारी बसलेल्या तरुण बाईनं पुतळेबाईंना विचारलं, तुमचा झाला का वाचून. पुतळेबाई म्हणाल्या, अजून नाही.

थांबणं आणि न थांबणं यातला फरक त्यांना कोणी शिकवायला नको होता. एका मोठ्या दुकानाच्या दर्शनी खिडक्या सजवण्यात त्यांचा जन्म गेला होता. कपडे घातलेल्या पुतळ्यांमध्येच त्यांचा सगळा वावर, म्हणून दुकानातले सगळे त्यांना पुतळेबाई म्हणायचे, आणि ते नाव पुढे असं चिकटलं की पगाराच्या पाकिटावरचं खरं नाव त्यांना स्वतःलाच कुणा परक्या बाईचं वाटायचं. काचेच्या आत गुडघ्यांवर बसून, ओठांत टाचण्या धरून, पुतळ्याच्या पाठीमागून कोटाचा घेर आवळत असताना त्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून रस्ता बघायच्या. चेहरे दिसायचे नाहीत, पाय दिसायचे. पाय नुसते निघून गेले तर खिडकी मेलेली. पाय हळू झाले तर निम्मं काम झालं. आणि कोणी चार पावलं पुढे जाऊन परत मागे आलं, की त्या ओठांतल्या टाचण्या काढून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घ्यायच्या, कारण दुसरं कोणी ती थोपटायला येणार नव्हतं. काम संपलं की आणखी एक सवय होती. दुकानातून बाहेर पडायचं, रस्ता ओलांडायचा, समोरच्या फुटपाथवर जाऊन उभं राहायचं आणि तिथून बघायचं. जवळून सगळंच बरं दिसतं, असं त्या म्हणायच्या. घरी नवीन पडदा लावला तरी त्या जिना उतरून रस्त्यापलीकडे जायच्या. नवरा होता तोवर तो या गोष्टीची थट्टा करायचा. तो लवकर गेला, मुलगी शाळेत होती तेव्हाच, आणि थट्टा करणारं कोणी उरलं नाही, सवय मात्र राहिली.

मग मुख्य कचेरीनं ठरवलं की खिडक्या सजवायला माणूस कशाला हवा. छापलेले मोठे कागद यायला लागले, हसऱ्या बायका आणि हसरी मुलं, काचेवर आतून चिकटवले की झालं. पुतळे तळघरात गेले. त्यांच्यामागोमाग पुतळेबाईंना एका छोट्या समारंभात फुलदाणी देऊन घरी पाठवलं, आणि त्या समारंभातली फुलंही बघवत नव्हती इतकी वाईट लावली होती. त्याला आता बरेच महिने झाले होते. जवळची पुंजी आटत चालली होती. दोन खोल्यांचं भाडं या महिन्याअखेर थांबवायचं की पुढे चालू ठेवायचं, हे घरमालकाला सांगायचं होतं, आणि खोल्या सोडल्या तर जायचं कुठे हे ठरलेलंच होतं. मुलीकडे. मुलीनं आतली लहान खोली रंगवून घेतली होती. पलंग आणला होता, खाली कप्पे असलेला, आईचं सामान मावेल म्हणून. पलंगाला लागूनच बाळाचा पाळणा ठेवला होता. मुलीची बाळंतपणाची रजा संपत आली होती. कोणी तोंडानं बोललं नव्हतं. पण पलंग आणि पाळणा यांच्यामधली ती वीतभर जागा पाहिली तेव्हा पुतळेबाईंना सगळं कळलं होतं. नातवावर त्यांचा जीव होता, नव्हता असं नाही. पण त्या खोलीत एकदा पाऊल टाकलं की मग आपण कोणाची तरी आजी आणि कोणाची तरी सोय, याच्यापलीकडे काही उरणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. अजून हातात कस होता. अजून दहा वर्षं तरी खिडक्या करता आल्या असत्या. म्हणून ही फर्निचरच्या शोरूमची जाहिरात दिसली तेव्हा त्यांनी ती कापून मुलीपुढे ठेवली होती आणि म्हटलं होतं, मला हे नीट लिहून दे.

त्या आधी त्यांनी स्वतः लिहून पाहिलं होतं. जाहिरातीत म्हटलं होतं, पात्रता थोडक्यात, सर्वात वर लिहावी. पुतळेबाईंनी चार संध्याकाळी पेन्सिल घेऊन ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. आपल्याला काय येतं हे लिहिणं किती अवघड असतं याची त्यांना कल्पना नव्हती. जे येत होतं ते हातांना येत होतं, आणि हातांना विचारावं तर हात म्हणत, आधी पुतळा आण. तरी त्यांनी नेट धरला. रस्त्यानं घाईत जाणाऱ्या माणसाला खिडकीशी थांबवते, असं त्यांनी लिहिलं. स्वस्त कापड स्वस्त दिसू नये म्हणून दिवा कुठून टाकायचा ते कळतं. गोदामात पडून राहिलेला माल खिडकीत आणून संपवला आहे, विचारल्यास कोणता ते सांगेन. दुकान बंद झाल्यावर काम सुरू करून उघडायच्या आत सगळ्या खिडक्या बदलल्या आहेत, आणि तेही एकटीनं. शेवटची ओळ त्यांना स्वतःला जास्त आवडली होती: एखाद्या वस्तूच्या शेजारी काय ठेवायचं नाही, ते मला समजतं. हा कागद घेऊन त्या मुलीकडे गेल्या. मुलगी एका मोठ्या कंपनीत माणसं निवडण्याच्या खात्यात होती. रेझ्युमे वाचणं हेच तिचं काम, ढिगानं वाचायची. तिनं बाळाला खांद्यावर टाकून, एका हातानं कागद धरून तो वाचला, दोनदा वाचला, शेवटच्या ओळीशी थांबली. मग म्हणाली, “आई, हे फार तुझं तुझं आहे. लोकांना असं कळत नाही. मी करते नीट.”

नीट केलेला कागद दुसऱ्या दिवशी आला. पुतळेबाईंनी आता पिशवीतून त्याची प्रत बाहेर काढली. एव्हाना केबिनमधल्या माणसानं आणखी दोघांना आत बोलावलं होतं. बाकावरची तरुण बाई आत जाऊन हसत हसत बोलत होती, म्हणजे तिचा कागद उजवीकडे गेला होता. पुतळेबाईंनी प्रत मांडीवर सपाट केली. मेहनती, प्रामाणिक आणि विश्वासू. सजावटीच्या क्षेत्रातला दीर्घ अनुभव. मनमिळाऊ स्वभाव, सर्वांशी मिळूनमिसळून काम करण्याची हातोटी. नवीन गोष्टी शिकण्याची आवड. पडेल ते काम करण्याची तयारी. किती छान दिसत होतं. अक्षरं सारखी, ओळी सारख्या, प्रत्येक ओळीच्या आधी एक छोटा काळा ठिपका. घरी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यांना भरूनच आलं होतं. मुलीला आपल्याबद्दल इतकं चांगलं वाटतं, असं मनात येऊन गेलं होतं. आता त्यांनी कागद थोडा लांब धरला. आणखी लांब. रस्त्यापलीकडून बघावं तसा. ही मांडणी त्यांच्या ओळखीची होती.

दुकानाच्या बाजूच्या गल्लीत एक खिडकी होती. काही पुरवठादार असे असायचे की त्यांचा माल खिडकीत मांडू असं करारात लिहिलेलं असायचं, पण तो खपणं दुकानाच्या पथ्यावर पडणारं नसायचं, कारण तसलाच माल दुकान स्वतःच्या नावानं पुढच्या खिडकीत विकत असायचं. मग व्यवस्थापक पुतळेबाईंना बोलावून म्हणायचा, बाई, यांचं समाधान होईल असं काहीतरी करा. म्हणून तिचं नाव समाधानाची खिडकी. वाईट खिडकी कोणीही करील, आणि पुरवठादार तिथल्या तिथे भांडायला उभा राहील. समाधानाची खिडकी करायला हात लागतो. ती अशी करायची की ज्याचा माल आहे त्याला वाटावं, केवढे कष्ट घेतलेत यांनी, आणि गिऱ्हाईकाला काही म्हणजे काही वाटू नये. सगळा माल मांडायचा, काही लपवायचं नाही. सगळं एकाच उंचीवर. उजेड सगळीकडे सारखा, कुठे सावली म्हणून नाही. डावीकडे जे, तेच उजवीकडे. एकही सुरकुती नाही, एकही गोष्ट वाकडी नाही, नजरेला अडकायला कुठेही खुंटी नाही. मग येणाऱ्याजाणाऱ्याची नजर एका टोकाकडून शिरते आणि दुसऱ्या टोकानं सरळ बाहेर पडते, आणि पाय चालतच राहतात. लहान मुलांचे कोट शिवणारा एक शिंपी एकदा बायकोला घेऊन आपली खिडकी बघायला आला होता. दोघं ठेवणीतले कपडे घालून गल्लीत उभे होते. बायकोनं काचेवरचा एक डाग बाहेरून रुमालानं पुसला. शिंप्यानं आत येऊन पुतळेबाईंचे मनापासून आभार मानले, आणि हंगाम संपल्यावर त्याचे सगळे कोट खोक्यांत भरून त्याच्याकडे परत गेले. पुतळेबाईंना त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. व्यवस्थापक म्हणायचा, अशी खिडकी तुमच्याशिवाय कोणाला जमत नाही, आणि त्यांना त्याचा अभिमानच होता.

मुलगी तेव्हा शाळा सुटली की दुकानात यायची. घरी बघायला कोणी नव्हतं, त्यामुळे खिडकीच्या आतल्या बाजूला, पुतळ्यांच्या सुट्या हातापायांशेजारी बसून ती गृहपाठ करायची. एकदा ती गल्लीतल्या खिडकीकडे बघत बसली आणि म्हणाली, आई, इथे एवढं सगळं आहे, तरी काहीच का दिसत नाही. पुतळेबाईंना कोण आनंद झाला. आपल्या पोरीला नजर आहे, असं त्यांना वाटलं. त्यांनी तिला सगळं समजावून दिलं: उंची, उजेड, सावली, खुंटी. समोरच्याला दुखवायचं नाही, उलट त्यानं खूश होऊन जायचं, हे महत्त्वाचं, असंही सांगितलं. मुलगी हुशार होती. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नसे.

पण नाही, असं कसं असेल, त्या स्वतःशी म्हणाल्या. पोटची पोर. रात्रीचा दिवस करून बाळाला सांभाळते, डोळ्यांखाली काळं आलंय तिच्या, घाईघाईत काहीतरी ठोकळेबाज लिहिलं असेल. त्यांनी हा विचार मनात घट्ट धरून ठेवायचा प्रयत्न केला. पण मुलीच्या घरचं जेवणाचं टेबल डोळ्यांपुढे आलं आणि हलेना. बाळ व्हायच्या आधीची गोष्ट. मुलगी पोटुशी होती, जावई ताटात वाढत होता, पुतळेबाई जेवायला गेल्या होत्या, आणि मुलगी आपल्या कचेरीतल्या गमती सांगत होती. ती नकला फार छान करायची. मेहनती असं दिसलं ना, की मी पुढचं वाचतच नाही, ती म्हणाली. आळशी आहे असं आजवर कोणी लिहिलंय का? मनमिळाऊ म्हणजे समजायचं, दुसरं काही येत नाही. दीर्घ अनुभव म्हणजे वय झालंय. आणि पडेल ते काम करायची तयारी म्हणजे, आई, एकही काम धड येत नाही. जावई हसून हसून ठसकला. मग कोणी विचारलं म्हणून नाही, आपल्याच उत्साहात तिनं खरी पात्रता कशी लिहावी तेही सांगितलं. माणूस काय करतो ते लिहावं, कसा आहे ते नको. जाहिरात देणाऱ्याला कोणता माणूस हवाय ते आधी वाचावं आणि त्यालाच उत्तर द्यावं. जे दुसऱ्या कोणाच्या कागदावर असणारच नाही असं एक तरी वाक्य हवं. मी तिथे थांबते, ती म्हणाली, असं वाक्य सापडलं की मी माणसाला बोलावतेच, मग बाकी कसंही असो. पुतळेबाईंना आठवलं, आपणही तेव्हा खूप हसलो होतो. आपल्या पेन्सिलीनं लिहिलेल्या कागदावर अशी सगळी वाक्यं होती. मुलीनं ती दोनदा वाचली होती. ती थांबली होती.

केबिनमधून तरुण बाई बाहेर आली. चेहऱ्यावरूनच कळत होतं. ती पुतळेबाईंना म्हणाली, तुमचंही होईल बघा, आणि तिच्या आवाजात खरोखर चांगुलपणा होता, म्हणून जास्तच लागला. बाकावर आता पुतळेबाई एकट्याच होत्या. त्यांच्या मनात भलतंच काहीतरी येत होतं. एकदा शयनगृहाची खिडकी करायची होती. रात्री उशीर झाला, मुलगी मांडलेल्या पलंगावरच झोपली, आणि त्यांनीही उठवलं नाही, कारण उठवून घरी न्यायला काम संपलेलं नव्हतं. काम करता करता सकाळ झाली. त्या सामान घ्यायला आत गेल्या आणि तेवढ्यात कोणीतरी पडदा वर केला. बाहेरून आरडाओरडा ऐकू आला म्हणून त्या धावल्या. काचेपुढे ही गर्दी. पांढऱ्या चादरीवर गाल टेकून झोपलेली पोर, केस उशीवर पसरलेले, सकाळचं ऊन बरोबर खांद्यावर. माणसं थांबली होती. मागची माणसं पुढच्यांच्या खांद्यांवरून बघत होती. आणि पुतळेबाई पडदा ओढायला आत न जाता दारातून बाहेर पडल्या, रस्ता ओलांडला आणि समोरच्या फुटपाथवर जाऊन उभ्या राहिल्या. किती वेळ, ते त्यांना सांगता आलं नसतं. फार नसावा. पण तेवढ्यात मुलगी जागी झाली होती. तिनं डोळे उघडले तर समोर काचेला चिकटलेले चेहरेच चेहरे, आणि त्यात आई नव्हती. आई रस्त्यापलीकडे होती. नंतर घरी जाताना मुलगी रडलीही नाही. तो पलंग त्या आठवड्यात खूप खपला. व्यवस्थापकानं सगळ्यांना चहा दिला.

त्या उठल्या आणि केबिनच्या दारावर टकटक केली. माणूस सभ्य होता. त्यानं उठून खुर्ची पुढे सरकवली. पुतळेबाई बसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, तो डावीकडचा पिवळा कागद माझा आहे, मला काही तक्रार करायची नाही, फक्त तो वाचून काय वाटलं तेवढं सांगा. माणूस अवघडला. कागद शोधून त्यानं वरून पुन्हा नजर फिरवली आणि म्हणाला, तसं यात चुकीचं काहीच नाही. तेच विचारतेय, पुतळेबाई म्हणाल्या.

“बाई, सगळं चांगलं लिहिलंय. पण तुम्ही करता काय, तेच कळत नाही.”

मग पुतळेबाईंनी सांगितलं. उभ्या उभ्याच, खालच्या शोरूममधून येताना जे पाहिलं होतं ते सांगितलं: दाराशी ठेवलेला तो मोठा सोफा बरोबर वाटेत येतो, त्यामुळे माणसं त्याला वळसा घालून पुढे जातात आणि कोणी त्याच्यावर बसत नाही, जेवणाच्या टेबलावर आठ ताटं मांडली आहेत, त्यामुळे बघणाऱ्याला आपलं घर लहान वाटतं, तिथे दोनच हवीत आणि एक खुर्ची थोडी मागे सरकवलेली हवी, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी. माणूस ऐकत होता. त्यानं पेन खाली ठेवलं. मध्येच एकदा त्यानं काचेतून खाली शोरूमकडे पाहिलं. पुतळेबाई बोलायच्या थांबल्या तेव्हा तो म्हणाला की हे असं वर लिहिलं असतंत तर मी तुम्हाला सगळ्यात आधी बोलावलं असतं. जागा एकच होती. मघाच्या बाईंना आत्ताच होकार दिला, आता फिरवता येत नाही. मला खरंच वाईट वाटतंय, तो म्हणाला, आणि त्याला वाटत असावं. मग त्यानं विचारलं, हे कोणाकडून लिहून घेतलंत. दुकानात बसून पैसे घेऊन लिहून देणारे असतात, असलं भरताड तेच लिहितात, त्यांच्याकडे पुन्हा जाऊ नका.

“माझ्या मुलीनं लिहिलंय,” पुतळेबाई म्हणाल्या. “तुम्ही जे काम करता, तेच ती करते. तुमच्याहून मोठ्या कंपनीत.”

त्या माणसानं कागद पुन्हा हातात घेतला, या वेळी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचला, आणि उलटा करून टेबलावर ठेवला. आपल्याला जे कळलं होतं ते या परक्या माणसालाही कळलं आहे हे पुतळेबाईंना दिसलं, आणि आता स्वतःची समजूत घालायची सोय उरली नाही.

मुलीच्या घरापर्यंत त्या चालत गेल्या. बस होती, पण बसमध्ये बसून विचार करावा लागला असता. तरी विचार सुटला नाहीच. कुठल्याही आईनं शोधला असता तसा त्यांनी मुलीसाठी बचाव शोधला. तिला माझी काळजी. माझे गुडघे दुखतात हे तिला ठाऊक आहे. या वयात नव्या ठिकाणी आईला कोणी टाकून बोलू नये असं तिला वाटलं असेल. प्रत्येक बचाव थोडा वेळ उभा राहायचा आणि मग पाळणाघराची गोष्ट आठवली की कोसळायचा. महिन्यापूर्वी त्यांनी विचारलं होतं, बाळाचं नाव पाळणाघरात घातलंस का, तर मुलगी म्हणाली होती, तिथे मोठी रांग आहे. परवा त्याच पाळणाघरावरून जाताना बाहेर पाटी दिसली होती, जागा शिल्लक आहेत म्हणून. तेव्हा पुतळेबाईंना आनंद झाला होता. पोरीला सांगायला हवं, असं मनात आलं होतं. इतकी का बावळट आपण, त्या रस्त्यातच मोठ्यानं म्हणाल्या. एक माणूस वळून बघून पुढे गेला. राग असा होता की धड पेटतही नव्हता. कारण राग करावा तर त्या कागदाकडे बघून मनाच्या एका कोपऱ्यात काहीतरी चोरटं म्हणत होतं की काम मात्र सफाईचं केलंय पोरीनं, आणि हे वाटणं त्यांना सगळ्यात जास्त बोचत होतं. आईचं समाधान झालं, ती वाचून हरखली, मुलीचे आभार मानून गेली. एक टाचणीसुद्धा पुढून दिसत नव्हती.

दार मुलीनं उघडलं. खांद्यावर बाळाचं दुपटं, केस कसेतरी बांधलेले, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. बाळ आत्ताच झोपलंय, ती हळू आवाजात म्हणाली, आणि मग लगेच, काय झालं? जावई अजून आलेला नव्हता. स्वयंपाकघरात बाटल्या उकळत ठेवल्या होत्या आणि त्यांची वाफ खिडकीवर धरली होती. पुतळेबाई खुर्चीवर बसल्या, चपला काढल्या आणि म्हणाल्या, नाही झालं. म्हणाल्या आणि बघत राहिल्या. मुलीचे खांदे बोटभर खाली आले. तिचा जीव भांड्यात पडला होता. ते तिनं लगेच सावरलं, कपाळाला आठ्या घातल्या, जवळ येऊन आईच्या पाठीवर हात ठेवला, जाऊ दे गं, त्यांनाच कळत नाही, म्हणाली, आणि हे सगळं खरंही होतं, तो हात उबदार होता, त्यात माया होती. पुतळेबाईंना क्षणभर वाटलं, गप्प बसावं. त्या हाताखाली तसंच बसून राहावं. पाठ खरोखर दुखत होती.

“मेहनती, मनमिळाऊ, पडेल ते काम,” त्या म्हणाल्या. “अशा कागदाचं तू काय करतेस, ते तूच मला सांगितलंयस.”

पाठीवरचा हात निघाला. मुलगी गॅसपाशी गेली, बाटल्यांखालची आच बारीक केली आणि तिथेच पाठमोरी उभी राहिली. पुतळेबाई वाट बघत होत्या, ती म्हणेल काय बोलतेस तू आई, ती रडेल, तिला राग येईल, ती म्हणेल घाईत लिहिलं, झोप नव्हती. तिनं म्हटलं असतं तर त्यांनी ते मान्य केलं असतं. इतका वेळ चालत येताना त्यांनी त्याचीच तयारी केली होती. मुलगी असं काही म्हणाली नाही. तिनं चिमट्यानं एक बाटली बाहेर काढली, फडक्यावर उलटी ठेवली, मग दुसरी. सगळ्या काढून झाल्यावर ती वळली. चेहरा थकलेला होता आणि त्यावर लाज फार नव्हती.

“सरळ विचारलं असतं ना तुला,” ती म्हणाली, “की आता काम पुरे कर, मला तू हवी आहेस, माझ्याकडे ये, तर आली असतीस?”

पुतळेबाईंना हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर मुलगी कायमची चुकीची ठरली असती, आणि आजच्या दिवसात तेवढं तरी हातात आलं असतं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिच्या गळ्याशी दुधाचा एक डाग वाळून पांढरा झाला होता. त्यांच्या मनात येऊन गेलं की ही इतकी वर्षं माझ्या जवळ बसून मोठी झाली, आणि आज पहिल्यांदा हिनं माझ्याकडे काहीतरी मागितलंय, तेही आधी चोरून घ्यायचा प्रयत्न करून.

“नाही,” पुतळेबाई म्हणाल्या.

“म्हणून,” मुलगी म्हणाली.

ती समोरच्या खुर्चीवर येऊन बसली. दोघींच्या मध्ये टेबल होतं आणि टेबलावर काही नव्हतं. पुतळेबाई म्हणाल्या की उद्या मी स्वतःच लिहीन आणि दुसरीकडे पाठवीन. पाठव, मुलगी म्हणाली, आणि ते तोडून बोलल्यासारखं नव्हतं. मग ती म्हणाली, तुझा तो पेन्सिलीचा कागद मी फेकला, तो शोधू नकोस. तो इतका चांगला होता की घरात ठेवायची मला भीती वाटली. इतकी वर्षं कोणी तरी असं काही म्हणावं म्हणून त्या थांबल्या होत्या, आणि ते आज, असं, या तोंडून आलं होतं.

आतल्या खोलीत बाळ जागं झालं. आधी नुसतं कुरकुरलं, मग रडायला लागलं. मुलीनं आईकडे पाहिलं. पुतळेबाईंनी मुलीकडे पाहिलं. पलंगाशेजारचा तो पाळणा दोघींपासून चारच पावलांवर होता, पण आधी कोण उठतं हे दोघी बघत होत्या. रडणं वाढत गेलं, मध्येच श्वास घ्यायला थांबलं आणि पुन्हा सुरू झालं, आणि एवढ्या लहान जिवाला इतका वेळ रडू देणं बरं नाही, हे दोघींनाही कळत होतं.